फुकटचा फॉन्ट आणि आमचे भाऊसाहेब

भिंगारच्या आमच्या ऑफिसात किस्से मुद्दाम घडवावे लागत नसत. मालक भाऊसाहेब असल्यावर गरजच काय! खाली पिठाची गिरणी, वर आम्ही तिघं: भाऊसाहेब, प्रोग्रॅम लिहिणारी प्रज्ञा आणि टायपिंगपासून चहापर्यंत सगळं बघणारा मी.

फ्लॉपीचा जमाना होता. संगमनेरकडच्या एका दूध संघाला मराठीत पावत्या काढणारं सॉफ्टवेअर हवं होतं. ही ऑर्डर हुकली की ऑफिसला कुलूप आणि भाऊसाहेब सासऱ्यांच्या कांद्याच्या आडतीवर! या धास्तीनं बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

*

विकतच्या फॉन्टचं लायसन्स दर कॉम्प्युटरला वेगळं. आम्हाला कुठलं परवडायला! प्रज्ञानं पुण्यातल्या एका रिटायर्ड इंजिनिअरांचा फॉन्ट शोधून काढला. खुशाल सॉफ्टवेअरमध्ये घाला, फुकट! भाऊसाहेबांना खरंच वाटेना. शाल-नारळ घेऊन थेट पुणं गाठलं. ते गृहस्थ म्हणाले, "शाल राहू द्या हो. फॉन्टबरोबर माझी लायसन्सची फाईल तेवढी देत जा!"

भाऊसाहेब नारळ ठेवून आले. शाल परत आणली.

*

फ्लॉपीत जागा पुरेना. भाऊसाहेब म्हणाले, "ती लायसन्सची फाईल उडव. कोण वाचतंय?" प्रोग्रॅम सुरू होताना मात्र सासऱ्यांचा फेट्यातला फोटो झळकायचा, निम्मी जागा त्यालाच! प्रज्ञा ठाम होती.

"फाईल राहणार. सासरे काढा!"

"ताई, ते इतक्या सहज निघत असते तर अजून काय पाहिजे होतं!"

फोटो गेला. सासऱ्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

*

भाऊसाहेबांना त्या फॉन्टमधला 'ळ' आवडेना. माझ्याकडून वेटोळी लहान करून घेतली. प्रज्ञानं लायसन्स दाखवलं: अक्षर बदललं तर नावही बदलायचं. झालं! भाऊसाहेबांनी रीतसर बारसं केलं. गिरणीवाल्या काकूंना पेढा दिला.

"काय झालं, मुलगा का मुलगी?"

"फॉन्ट!"

"असू द्या," काकू म्हणाल्या, "आजकाल समदे सारकेच."

*

पुणतांब्याचा एक लग्नपत्रिका छापणारा आला. त्याला नुसता फॉन्ट विकत हवा होता. सुटा विकायचा नाही, अशी लायसन्सची अट! प्रज्ञा म्हणाली, "फुकट न्या." तो म्हणाला, "फुकटचं नको, लई बेकार सवय लागती." शेवटी त्यानं आमचं दुधाचं सॉफ्टवेअरच नेलं आणि त्यातच पत्रिका जुळवली. वधू-वरांच्या नावांपुढं दुधाच्या पावतीतला 'फॅट'चा रकाना तसाच छापून आला. वधूपक्षानं दोन दिवस अबोला धरला म्हणे!

*

आणि मग संगमनेरला डेमो. समोर चेअरमन, दोन्ही बाजूंना संचालक. आडत की ऑफिस, इथंच ठरणार होतं. पावती झकास निघाली. तेवढ्यात चेअरमनना स्क्रीनवर लायसन्स दिसलं. त्यांनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "हा फॉन्ट आहे तसा दिला आहे. कोणतीही हमी नाही."

भाऊसाहेबांना आडतीवरचे कांदे दिसायला लागले. प्रज्ञा पुढं झाली. "साहेब, सॉफ्टवेअरची हमी आमची. फॉन्ट ज्यांनी केला, त्यांनी तो फुकट दिलाय, म्हणून आधीच स्पष्ट लिहून ठेवलंय."

"म्हंजे आपल्याकडून काय घेत न्हाई, आन् हमी न्हाई ते पैलंच सांगतो?" चेअरमननी विचारलं.

"व्हय साहेब," भाऊसाहेब कसेबसे म्हणाले.

चेअरमननी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "असा एक मानूस आपल्या संचालकांच्या बॉडीत न्हाई! घेऊन टाका."

टाळ्या संचालकांनीच वाजवल्या!