आठव्या पदातलं नाव

भूतखेत, करणी, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत... आजही मानत नाही. शाळा चौथीपर्यंत, पण कान पक्का. इथे कानडी मुलखात, जयनगरात, पन्नास वर्षं तबले मढवतोय. स्वर केसभर उतरला तरी रस्त्यावरून सांगेन. म्हणून हे माझ्या कानाचंच झालं, ते कुणाला पटत नाही.

माझे थोरले भाऊ, अण्णा, शिकलेले. मराठीत पदं रचायचे. दिवसाच्या आठ प्रहरांची आठ पदं लिहून गेले. पदाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. सात पदांत अण्णांचं नाव आहे. आठव्यात जागा कोरी. जाण्याआधी मला म्हणाले होते, "तिथे कुणाचंही नाव घालू नको. तसंच गा म्हणावं."

माझी मुलगी सुधा गाणं शिकवते. तिने आठ पदं आठ रागांत बसवली. गेल्या वर्षी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये सकाळचा प्रोग्राम ठरला. मी म्हटलं, "आठव्यात माझं नाव घाल."

"अप्पा, काका नको म्हणाले होते ना?"

"त्यांची शाळा व्हावी म्हणून मी दहाव्या वर्षी दुकानात बसलो! एका ओळीत माझं नाव आलं तर काय बिघडतं?"

"सरी, बरं, घालते. तुमच्यापुढे कोण बोलणार!"

तबला मीच लावून दिला आणि पहिल्या रांगेत बसलो. सात पदं झाली. आठव्याच्या शेवटच्या ओळीत माझ्या नावाची जागा आली, सुधाचे ओठ हलले... आवाज नाही. तंबोरा ऐकू येतोय, तबला ऐकू येतोय, तिचा आवाज तेवढा नाही. वर लोकांच्या टाळ्या!

आत जाऊन ओरडलो, "माझं नाव का गिळलंस?"

"चारदा घेतलं, अप्पा! चार वेगवेगळ्या तऱ्हांनी!"

तिने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. बाकीचे माना डोलवत होते. मला त्या जागी नुसता तंबोरा.

तेव्हापासून मला माझं नाव ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, तर तिथली बाई नाव पुकारून दमली आणि मी आपला बसलेलाच — सगळे पेशंट संपेपर्यंत. डॉक्टर हसले, "अज्जा, कान अगदी पंचविशीतले आहेत."

शेवटी वहिनींना, अण्णांच्या बायकोला, सांगितलं. त्या म्हणाल्या, "यांचंही शेवटी असंच झालं होतं. कुणी नावाने हाक मारली की बघायचे नाहीत. आठव्यात आधी स्वतःचं नाव घातलं होतं त्यांनी. मग ब्लेडने खरवडून काढलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही ऐकलं असतं का, भावजी?"

सुधाने ती ओळ सोडून दिली. काही फरक नाही. असं का व्हावं, मला अजून कळलेलं नाही, आणि अंगारेधुपारे मी करणार नाही. घरात मला अप्पाच म्हणतात. ते ऐकू येतं, म्हणून भागत होतं.

काल सुधा म्हणाली, जेवायला चला म्हणून तिने मला तीनदा 'अप्पा' अशी हाक मारली.

मला दोनदाच ऐकू आली.