दत्ताने दिलेली साईड

ट्रक चालवायला परदेशी निघालेल्या माणसाला जीपच्या मागच्या सीटवर बसवणं बरं दिसत नाही, असं राजुरीतल्या आमच्या भावकीचं एकमत झालं. त्यामुळे माझ्याच निरोपाची गाडी मीच चालवत विमानतळावर गेलो. गळ्यात झेंडूचे हार, कपाळाला बचकभर कुंकू, आणि गिअर टाकायला हात खाली नेला की हार दांड्यात अडकायचा. ओतूर येईपर्यंत जीपमध्ये पाकळ्यांचा सडा पडला होता. मागे चुलते दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यातला एकही कधी ठाण्याच्या पुढे गेला नव्हता, पण कॅनडात कसं वागायचं ते सगळे एकदम सांगत होते. माझे वडील, आबा, तेवढे गप्प होते. आयुष्यभर त्यांनी कांद्याचा ट्रक चालवला, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचं लक्ष फक्त रस्त्यावर.

माझ्या शेजारी दत्ता. तोही त्याच विमानाने निघालेला. दत्ता आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरचा, भीमाशंकरकडच्या डोंगरातला. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून वाशीला नेणाऱ्या एका मारवाडी शेठच्या गाड्यांवर आम्ही दोघांनी बरोबरीने काम केलं होतं. तो माझ्याहून पुष्कळ लहान. मला नाना म्हणायचा आणि माझ्या सगळ्या नकला, नाटकं पोट धरून हसत बघायचा. असा प्रेक्षक मिळायला नशीब लागतं. आदल्या दिवशी त्याला आणायला मी तळेघरला गेलो, तेव्हा त्याची आई भाताच्या खाचरातून थेट रस्त्यावर आली. हात चिखलाचे, म्हणून मनगटानेच त्याचा चेहरा कुरवाळला आणि मला म्हणाली, "नाना, ह्याच्यावर ध्यान ठिवा. ह्यो कुनाला न्हाई म्हनत न्हाई."

मी म्हणालो, "आई, मी हाये की!" नाटकी माणसाची ही खोड, टाळीचं वाक्य आलं की बोलून मोकळा.

माळशेज घाटाला लागलो तेव्हा समोरून एसटी, मागून दुधाचा टेम्पो, आणि टेम्पोवाल्याला जगबुडी आल्यासारखी घाई. हॉर्नवर हॉर्न. मी तोंडातल्या तोंडात त्याच्या खानदानाची विचारपूस करत होतो, तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "दे त्याला साईड. त्याचं काय काम अडलंय, आपल्याला काय ठावं?" मी डावी चाकं डांबरावरून खाली मातीत उतरवली, उजवा हात खिडकीबाहेर काढून 'ये, ये' केलं. एसटी, टेम्पो आणि आमची जीप त्या दोन गाड्यांच्या रस्त्यावर एका ओळीत बसली आणि सुटलीसुद्धा. टेम्पोवाल्याने जाताना हात केला. दत्ता म्हणाला, "बगा नाना, मनात जागा पायजे. रस्त्याला व्हतीया."

हे एवढं लांबण लावून सांगतोय, कारण आमच्याकडे गाडी चालवणं म्हणजे हेच. गाडी शिकताना क्लच, ब्रेक नंतर येतो, साईड द्यायची आधी कळते. पुढच्याला वळणापलीकडचं दिसतं, मागच्याला दिसत नाही. मग पुढचा हात दाखवतो आणि मागचा त्याच्या डोळ्यांवर विसंबून निघतो. जागा कमी पडली की जो तो थोडा थोडा मातीत उतरतो. जुन्नर-आंबेगावची निम्मी वाहतूक या भरवशावर चालते.

कॅनडात आम्हाला शिकवायला एक वयस्कर सरदारजी होते. आम्ही त्यांना पाजी म्हणायचो. पहिल्या दिवशी दत्ताने मागून येणाऱ्या मोटारीसाठी ट्रक उजवीकडे घेतला (इथे सगळंच उलटं, आपण रस्त्याच्या उजव्या अंगाने) आणि खिडकीतून हात बाहेर काढून 'ये, ये' केलं. पाजींनी कपाळाला हात लावला. "ओय दत्ता! तू ट्रैफ़िक हवलदार है? हाथ अंदर!" मग आम्हाला रस्त्याच्या कडेला उतरवून त्यांनी बर्फात काठी खुपसली. काठी सगळी आत गेली. वरून बघाल तर रस्ता आणि कड एकसारखी पांढरी, सपाट, जणू चादर अंथरली आहे. बर्फ सारणारी गाडी जाते ती रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटते, खालचा खड्डा भरून निघतो आणि तिथे रस्ता असल्याचा भास होतो. पाजी म्हणाले, "अपनी लेन में मर जाना, लेन मत छोड़ना. कोई पागल ओवरटेक करे तो करने दे. तू सीधा रह, धीरे हो जा, बस."

दत्ता मान डोलवत होता. मान त्याची फार छान डोलायची.

बाकी शिकायचं ते हिवाळ्यानेच शिकवलं. डांबरावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो. तो दिसत नाही, फक्त चाकांचा आवाज एकाएकी बंद होतो. तेवढ्या वेळात ब्रेकला पाय लावला तर मागे जोडलेलं लांब धूड तुम्हालाच वळून भेटायला येतं. आणि ट्रकच्या मागे बर्फाच्या भुकटीचा ढग उठतो. मागच्याला त्या ढगात काही म्हणजे काही दिसत नाही. त्याला वाटतं, ढगातून लवकर बाहेर पडावं, म्हणजे पुढे जावं. सगळा घोटाळा तिथे. ढगापलीकडे काय आहे हे कळायला तुम्हाला समोरच्या पट्ट्यात जावंच लागतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

त्या काळात मी गावाकडे फोन करायचो तेव्हा यातलं काही सांगत नव्हतो. सांगायचो ते असं, की इथे मिशीला बर्फ लागतो आणि हसलं की मोडतो. आबा विचारायचे, "गाडी सावकास हाकतो ना?" चुलते विचारायचे, "बर्फात वाघरू असतं का रे?" आमच्याकडे उसात बिबट्या निघतो, म्हणून त्यांना सगळीकडे तीच काळजी. दत्ता त्याच्या आईला सांगायचा, "आये, लई निवांत हाय हितं. रस्त्यावर कुत्रंबी न्हाई." तेही खरंच होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं दोन ट्रक घेऊन उत्तरेकडून परतत होतो. दुपार होती, पण आभाळ आणि जमीन एकाच रंगाची. रस्ता दोनच पट्ट्यांचा, एक जायचा, एक यायचा, दोन्हीकडे खडक आणि सूचिपर्णी झाडं. दत्ता पुढे, मी बराच मागे. फोनच्या कानातल्या यंत्रावर गप्पा चालू. तो म्हणत होता की यंदा मार्गशीर्षात घरी जायचं, मळणी सापडली पाहिजे. मी म्हणत होतो की मळणीला नव्हे, लग्नाला जातोयस, आईने मुलगी बघून ठेवली असणार. "नाना, तुमी लई वंगाळ," म्हणून तो हसत होता.

माझ्या आरशात एक पिकअप मोटार दिसू लागली. आत येई, बाहेर जाई. माझ्या ढगात तिचे दिवे विझल्यासारखे होत आणि पुन्हा पेटत. घाटातला टेम्पोवालाच जणू इथवर आला होता. मी वेग कमी केला आणि लेन धरून राहिलो. तो मला ओलांडून गेला. समोर कुणी नव्हतं म्हणून गेला, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. मी दत्ताला म्हणालो, "एक येडं तुझ्याकडं येतंय. हलू नको."

"येऊ द्या. त्याला कायतरी घाई आसंल."

मग ती मोटार दत्ताच्या ढगात शिरली आणि मला दिसेनाशी झाली. पुढे रस्ता किंचित वर चढत होता. त्या चढावरून समोरून ओंडक्यांचा ट्रक उतरताना दिसला, दिवे लावलेला. त्याचा हॉर्न मला दत्ताच्या यंत्रातून ऐकू आला. मी ओरडलो, "दत्ता, सरळ राहा! सरळ!" त्याचा आवाज आला, अगदी शांत, घाटात यायचा तसा. "ये बाबा, ये, ये..."

त्याने साईड दिली.

ढग विरला तेव्हा ओंडक्यांचा ट्रक माझ्या बाजूने निघून गेला होता आणि माझ्या मागे थांबायची धडपड करत होता. पिकअप रस्त्याच्या मधोमध आडवी उभी, ओरखडाही न येता. तिघांना पुरेल एवढा रस्ता झाला होता. आणि दत्ताचा ट्रक उजव्या कडेला खाली, कुशीवर, केबिन खडकाला लागून चेपलेली.

मी कसा उतरलो, कसा धावलो, काही आठवत नाही. कमरेएवढ्या बर्फात धावताही येत नाही, पोहल्यासारखं करावं लागतं. फुटलेल्या काचेतून आत गेलो. दत्ता पट्ट्याला लटकत होता आणि कमरेखाली सगळं लोखंड. मी माझं जाकीट त्याच्यावर घातलं, त्याचे हात माझ्या बनियनच्या आत घेतले. त्याने डोळे उघडले.

"गेला का त्यो?"

"कोण?"

"मागचा."

"गेला. काही झालं नाही त्याला."

 मग चुकल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "नाना, म्या थोडीच घेतली व्हती. खाली जमीनच न्हवती, राव."

मदत यायला वेळ लागला. तो मार्ग तसाच आहे, गावं दूर दूर. मी त्याला बोलतं ठेवायचा प्रयत्न करत होतो. माझ्या सगळ्या नकला केल्या, चुलत्यांच्या, पाजींच्या, आमच्या मारवाडी शेठच्या. एकदा तो हसलासुद्धा. त्यानंतर नाही.

वर रस्त्यावर पिकअपवाला उभा होता. तिशीचा माणूस, टोपी हातात, सारखं सॉरी, सॉरी. त्याच्या मागच्या सीटवर एक लहान मुलगी गुलाबी टोपीत बसली होती, तोंडात अंगठा. तिला बर्फावरच्या खेळाच्या सरावाला उशीर होत होता. एवढंच काम अडलं होतं. मी त्याला मारणार होतो. काच खाली करून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला ते जमलं नाही.

पुढे पोलिसांनी मोजमाप घेतलं, पिकअपवाल्यावर गुन्हा नोंदवला. कंपनीतला साहेब म्हणाला, तुमच्या माणसाने लेन सोडायला नको होती. पाजी रडले आणि तेही तेच म्हणाले. ते सगळे खरं बोलत होते. दत्ता सरळ राहिला असता तर तो आज मळणी करत असता. ती मुलगी मात्र नसती. हे गणित मी किती प्रकारे मांडून पाहिलं, प्रत्येक वेळी माझ्या तोंडून एक शिवी तेवढी निघते, आणि कुणाला द्यायची ते कळत नाही.

मी त्याला घेऊन आलो. मुंबईहून रुग्णवाहिका मंचर, घोडेगाव करत डोंगर चढू लागली. तिचा ड्रायव्हर आमच्याच भागातला. भोंगा वाजवत होता आणि समोरून येणारे टेम्पो, जीप, उसाचे ट्रॅक्टर, सगळे मातीत उतरून आम्हाला वाट करून देत होते. खिडक्यांतून हात बाहेर येत होते. मी पुढच्या सीटवर बसून पाय आखडून घेत होतो, नसलेला ब्रेक दाबत होतो. माझ्या तोंडून निघालं, "अरे, उतरवू नका, उतरवू नका." ड्रायव्हर म्हणाला, "काय व्हतंय पावणं? साईडपट्टी चांगली हाये."

अग्नी देऊन सगळे परतले. त्यानंतर त्याच्या आईने मला ओट्यावर बोलावलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "खरं सांगा. त्याच्या गाडीखाली कुनी आलं का?"

"नाही, आई. उलट वाचले. एक लहान मुलगीपण."

"कुनाची?"

"त्या पुढे घुसणाऱ्याचीच."

तिने पदर डोक्यावर नीट केला. मग उठली आणि मला रस्त्यावर घेऊन गेली, त्याच जागी, जिथून मी दत्ताला नेलं होतं. डांबराच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "दावा मला. किती बाजूला झाला व्हता?"

मी आयुष्यभर नकला केल्या आहेत. ही मला येईना. शेवटी मी डांबराच्या काठावर उभा राहिलो आणि उजवा पाय उचलून बाहेर मातीवर ठेवला. कोरडी, घट्ट माती. पाय टेकला. मग दुसराही टेकला. मी उभाच होतो.

ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली.

"एवढंच?" म्हणाली.

आता मी परत इकडे कॅनडात आहे, आणि अजून ट्रकच चालवतो. हे लिहितोय ते तळेघर-राजुरीच्या, नारायणगावच्या त्या पोरांसाठी, जी मोबाईलवर इथल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून पासपोर्ट काढायला निघाली आहेत. या, पण बर्फात कुणी मागून घुसला तर सरळ राहा, सावकाश व्हा, आणि हात आत ठेवा. मीही तसाच चालवतो. मला आता कुणी विचारलं, तुझं घर कुठे, तर राजुरी म्हणायच्या आधी मला डांबराच्या कडेची ती हातभर माती दिसते. तिथे कुणासाठीही बाजूला होता येतं. इथे मी कुणाला साईड देत नाही. मागचा हॉर्न वाजवत राहतो, मी लेन धरून राहतो, आणि त्याचं काय काम अडलंय ते मला ठाऊक नसतं.