हुबाटवाल्या संयोगितावहिनी

आमच्या गल्लीत संयोगितावहिनींची पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की आत बोललेलं काही ऐकू येत नाही, त्यामुळं दळणाला आलेल्या बायका हातवाऱ्यांनीच बोलतात. पीठ बारीक हवं की रवाळ, हे दोन बोटं एकमेकांवर चोळून सांगायचं. वहिनी मान हलवतात, डबा उचलतात आणि पुन्हा समोरच्या टीव्हीकडं बघतात. डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी त्या टीव्हीवर एकच गोष्ट चालू असते, ऑस्ट्रेलियातली बिग बॅश क्रिकेट लीग. आणि त्या लीगमधला एकच संघ वहिनींचा. जांभळ्या कपड्यांतला, होबार्टचा. वहिनी त्याला हुबाट म्हणतात.

मी सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी मोकळी असते. माझं घर गिरणीपासून चौथं. त्यामुळं वहिनी हुबाटवाल्या कशा झाल्या, हे मी बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

वहिनींचं माहेर कुरुंदवाड. लग्न होऊन कोल्हापुरात आमच्या पेठेत आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांना फुटबॉल म्हणजे काय ते कळलं. इथं पोरगं जन्माला आलं की त्याची शाळा नंतर ठरते, संघ आधी ठरलेला असतो. वहिनींचे सासरे, म्हणजे आबा, पेठेचा संघ चालवणाऱ्या तालमीचे जुने कार्यकर्ते, धाकटा दीर बाळासो संघाचा गोलकीपर. त्या वर्षी अंतिम सामना होता म्हणून नव्या सुनेनं हौसेनं मटण केलं, भाकऱ्या थापल्या. संध्याकाळी घरातले पुरुष मान खाली घालून आले. संघ हरला होता. कुणी ताटावर बसेना. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. बाळासो माळ्यावर जाऊन झोपला. सासूबाई म्हणाल्या, "झाकून ठेव आता, आज कोण जेवायचं न्हाय."

"आणि मला हितं भूक लागलेली," वहिनी मला सांगत होत्या. "नवी नवरी, कसं मागून खायचं? म्हटलं, बॉल जाळीत गेला त्यात माझ्या भाकरीचा काय गुन्हा?"

त्यानंतर त्या कधी फुटबॉलच्या मैदानावर गेल्या नाहीत. घरात खेळाचा विषय निघाला की उठून आत जायच्या.

गिरणीतला टीव्ही त्यांचे यजमान विजयसिंह यांनी बसवला. ते शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. दळणाला थांबलेल्या लोकांना कंटाळा येऊ नये, एवढाच हेतू. एका डिसेंबरात दुपारी कुणीतरी चॅनेल बदलता बदलता क्रिकेट लावलं आणि डबा घेऊन निघून गेलं. रिमोट पिठाच्या पोत्यामागं पडलेला. वहिनींनी शोधला नाही, समोर जे दिसत होतं ते बघत राहिल्या.

तिकडं संध्याकाळ होती. मैदानाच्या कडेला गवताचा उतार, त्यावर माणसं पथारी टाकून बसलेली, पोरं चादरीत गुंडाळलेली. जांभळ्या संघाचं काही खरं नव्हतं. त्यांचा एक खेळाडू चेंडूमागं पळताना घसरून सपशेल आडवा झाला, चेंडू सीमेपार गेला, आणि तो उठून स्वतःशीच हसायला लागला. उतारावरची माणसंही हसली, टाळ्या वाजवल्या. शेवटी संघ हरला. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. डोक्याला जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी निवांत ब्रेड खात बसली होती.

"हरलेत, आणि म्हातारी जेवतीया," वहिनी सांगायच्या. "मला इतकं बरं वाटलं बगा. म्हटलं, ह्येच आपलं."

एवढ्यावरून त्या होबार्टच्या झाल्या. ते गाव कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर मी शाळेतला नकाशा आणून दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या खाली एक बेट, त्या बेटाच्याही खालच्या टोकाला. वहिनींनी पिठाळ बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आगं बाई, एवढ्या लांब व्हय! त्येच्या फुडं काय?"

"पुढं बर्फच."

"मग चादरी घ्यायच्याच की पोरांनी."

समालोचन त्यांनी कधी ऐकलंच नाही. गिरणीच्या आवाजात ऐकू येणार काय? सगळा खेळ त्या पंचांच्या हातांवरून शिकल्या. दोन्ही हात वर म्हणजे षटकार, एक हात आडवा म्हणजे नो बॉल. हातवाऱ्यांची भाषा त्यांना तशीही येतच होती. खेळाडूंची नावं इंग्रजीत लिहून यायची, ती वाचण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली. एक उंच बोलर होता तो शेवगा. दाढीवाला कॅप्टन तो पाटील. एक यष्टिरक्षक सारखा बडबडायचा, त्याचं नाव माझ्या सासूबाईंच्या नावावरून ठेवलंय, हे मला फार उशिरा कळलं.

हळूहळू दळणाच्या बायकाही गुंतल्या. डबा ठेवून घरी जाण्याऐवजी थांबायला लागल्या. कुणी शेंगा आणायचं, कुणी निवडायची भाजी. वहिनींनी महाद्वार रोडवरून जांभळं कापड आणून दोन ब्लाउज शिवून घेतले आणि सामन्याच्या दिवशी तेच घालायला सुरुवात केली. तेव्हा मात्र बाळासोला राहवेना.

बाळासोचं आता दुचाकीचं गॅरेज आहे, गिरणीला लागूनच. गोलकीपिंग सुटलं, पण तालमीत त्याचा शब्द चालतो. गिरणी थांबल्याचं बघून हात पुसत तो दारात आला.

"वैनी, एक इचारू? ही गोरी पोरं तुमास्नी वळकत्यात काय?"

"न्हाय."

"तुमच्या दारावरनं कधी गेल्यात? त्येंच्या आया तुमच्या गिरणीत दळाय येत्यात?"

"न्हाय बा."

"मग कशाचं नातं हे? आमच्या पेठेतलं पोरगं चुकलं तर मी दुसऱ्या दिवशी त्येच्या घरात जाऊन बोलून येतो. तुमी कुणाला बोलणार?"

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. "बोलायचंच न्हाय, हेच तर बरं हाय, भाऊजी. त्येंचं चुकलं तर त्येंचं. माझ्या घरातला तांब्या जाग्यावर ऱ्हातोय."

बाळासो हसत निघून गेला, पण गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाला सांगायला लागला, "आमची वैनी परदेशी गेली, फक्त अंगानं हितं हाय."

असे काही हिवाळे गेले. हुबाट कधी जिंकायचं, बरेचदा हरायचं, आणि वहिनींची दुपार मजेत जायची. दोन हजार पंचवीसचा जानेवारी आला तसं मात्र भलतंच झालं. हुबाट जिंकायलाच लागलं. एकामागून एक सामने. गिरणीत गर्दी वाढली. आणि वहिनींमध्ये काहीतरी बदललं. सामन्याच्या दिवशी त्या देवाजवळ दोन उदबत्त्या जास्त लावायच्या. कुणी टीव्हीच्या आड आलं की खेकसायच्या. पलीकडच्या गल्लीतल्या धोंडुबाई दळणाला आल्या की हुबाट हमखास जिंकतं असं वहिनींच्या मनानं घेतलं, आणि धोंडुबाईंचं दळण नसेल तेव्हा त्यांना पदरचे गहू देऊन बसवून घ्यायला लागल्या.

मग मध्येच एक सामना हुबाट हरलं. त्या दिवशी माझी ज्वारी दळायला होती. घरी आणून भाकरी करायला घेतली तर थापता येईना, तव्यावर टाकली तर चिवट. निम्मी ज्वारी, निम्मे गहू. डबा घेऊन मी परत गेले तेव्हा गिरणी थांबलेली होती.

"वहिनी, हे काय झालंय बघा."

"काय झालंय? पीठच हाय की!" असं त्या माझ्यावर ओरडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "एक दिवस खाल्लं मिसळलेलं तर काय हुतंय? हितं आमचा जीव जायची पाळी आलीया, आणि तुमास्नी भाकरीचं पडलंय!"

शेजारून बाळासो आला होता, तो दाराला टेकून उभा. वहिनींचा दुपारचा डबा तसाच बांधलेला कोपऱ्यात होता, तो त्यानं बघितला.

"वैनी, जेवला न्हाईसा?"

"भूक न्हाय."

बाळासो एवढ्या मोठ्यानं हसला की रस्त्यावरची माणसं थांबली. "आता! आता झाल्या वैनी पेठेच्या! आबा असायला पायजे होते हे बगाय!"

वहिनी आधी लाल झाल्या. मग त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं, आपल्या डब्याकडं पाहिलं, आणि मटकन पोत्यावर बसल्या. त्यांनाही हसू आलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "आगं मैथिलीताई, मी सासऱ्यांवर गेले की गं! मी तर त्येंच्या रक्ताची बी न्हाय." त्यांनी मला आपली ज्वारी दळून दिली आणि तिथंच बसवून आपल्या डब्यातली निम्मी भाकरी खायला लावली.

हुबाट अंतिम फेरीत गेलं. सामना सोमवारी दुपारी, होबार्टलाच. आणि सोमवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट बंद असते, गिरणीलाही त्याच दिवशी सुट्टी. वहिनी म्हणाल्या, मोबाईलवर बघू. पण सोमवारी दुपारी गिरणीच्या पायरीवर पंधरा-वीस बायका जमल्या आणि मोबाईल एक. मागच्या बायकांना नुसता पुढच्यांचा अंबाडा दिसत होता.

बाळासोनं गॅरेजमधून हे पाहिलं. तो उठला, तालमीत गेला, थोड्या वेळानं परत आला.

"उठा सगळ्या. तालमीत मोठा टीव्ही हाय, इन्व्हर्टर हाय. चला."

कुणी उठेना. आमच्या तालमीत वर्षातून एकदा देवाच्या फोटोची पूजा असते, ती सोडली तर बाया जात नाहीत. तसा नियम कुणी लिहिलेला नाही, पण जात नाहीत.

"भाऊजी, तितं माणसं असत्यात," वहिनी म्हणाल्या.

"असत्यात की. सांगितलंय त्येनला, सरकून बसा म्हणून. तुमचा फायनल हाय, त्येंचा न्हाय."

आम्ही गेलो. पोरांनी सतरंजी अंथरली होती. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, चषकांची कपाटं. आयुष्यात पहिल्यांदा वहिनींनी समालोचनासकट क्रिकेट पाहिलं आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "भाऊजी, आवाज बारीक करा, काय कळंना."

समोरच्या संघानं धावांचा चांगलाच ढीग घातला. वहिनींचा चेहरा उतरला. पोरं आधी टवाळी करत होती, पण हुबाटची फलंदाजी सुरू झाली तशी पुढं सरकली. सलामीला आलेला त्यांच्याच बेटावरचा एक तरणा पोरगा होता. त्यानं असा काही पट्टा चालवला की चेंडू एकदा इकडच्या माणसांत, एकदा तिकडच्या. प्रत्येक षटकाराला तालमीतली पोरं बाकांवर उभी. बाळासो सगळ्यांत पुढं, गोलकीपरसारखे गुडघे वाकवून. धोंडुबाईंना कुणी उठू देत नव्हतं. त्यांना मागं मोरीकडं जायचं होतं तरी.

शतक झालं तेव्हा वहिनी एकदम म्हणाल्या, "ह्येची आई बसली असंल न्हवं तितं?"

कुणालाच माहीत नव्हतं. पण नंतर तो पोरगा बाद होऊन परतताना सगळी तालीम उभी राहिली, वहिनींसकट.

षटकं शिल्लक ठेवून हुबाट जिंकलं. त्यांच्या संघाचं हे पहिलंच विजेतेपद होतं. कुणीतरी हलगी काढली. अजून लाईट आली नव्हती, गल्ली तशी शांत होती, त्या शांततेत हलगी कडाडली आणि लोक गॅलऱ्यांत आले. "कोण जिकलं?" वरून विचारायचे. "हुबाट!" पोरं ओरडायची. "कुठल्या पेठेचं?" असं एका आजोबांनी खरोखर विचारलं. बाळासो म्हणाला, "आमच्याच."

वहिनींनी त्या दिवशी रस्त्यावर फुगडी घातली, माझ्याबरोबर. विजयसिंह फौंड्रीतून आले ते सायकल हातात धरून बघतच राहिले.

पुढं मार्चमध्ये पेठेच्या संघाचा मोठा सामना लागला. आदल्या दिवशी बाळासो गिरणीत आला, दोन तिकिटं वहिनींच्या गल्ल्यावर ठेवली. गिरणी चालू होती, बोलून उपयोग नव्हता. वहिनींनी तिकिटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं बोट करून भुवया उंचावल्या. मी मान हलवली.

मैदानावर आम्ही दोघी बायकांच्या गॅलरीत बसलो. वहिनींना नियम माहीत नव्हते, त्यामुळं चेंडू कुठंही गेला तरी त्या ओरडत होत्या. आमचा संघ एका गोलनं मागं पडला. पलीकडच्या गॅलरीत बाळासो डोकं धरून बसलेला दिसत होता.

वहिनींनी पिशवीतलं फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, ठेचा.

"आता?" मी विचारलं.

"आता न्हाय तर कवा? आजून अर्धा खेळ हाय," असं म्हणून त्यांनी मागच्या रांगेतल्या अनोळखी मुलींनाही भाकरीचे तुकडे वाटले आणि तोंडात घास असतानाच ओरडल्या, "मारा की रं पोरांनो!"