ज्याला कोणाचं रडणं बघवत नव्हतं

सकाळी फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून वर्तमानपत्राशी भांडत होतो. फोनवर सुधाकरचा मुलगा अमेय होता, नोएडाहून गाझियाबादला निघालेल्या कॅबमधून बोलत होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. सुधाकर दूध आणायला खाली उतरला होता, परत येताना लिफ्टपाशी बसला तो बसलाच... मला आधी राग आला, दुःख नंतर. आदल्याच रविवारी त्याच्या कादंबरीतल्या खलनायकावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि भांडण अर्धवट टाकून निघून जायचं ही काय रीत झाली? आता महिना उलटून गेला. रविवार आला की मला अजून नवे मुद्दे सुचतात, आणि मग ऐकायला तो नाही हे आठवतं.

आमची ओळख दिल्लीतल्या मुनिरक्यातली. एकाच सरकारी कार्यालयात आम्ही भाषांतराचं काम करायचो आणि एकाच जिन्यावर समोरासमोरच्या भाड्याच्या खोल्यांत राहायचो. महाराष्ट्रातली माणसं दिल्लीची बदली टळावी म्हणून देव पाण्यात घालून बसतात. हा साताऱ्याहून ती मागून घेऊन आला होता. कारण विचारलं तर म्हणाला, हवापालट. दिल्लीत हवापालटाला येणारा पहिलाच माणूस म्हणून मी त्याला वर्षभर चिडवलं. त्याची बायको, नलिनीवहिनी, तेव्हा फारशा बोलायच्या नाहीत. नवं गाव, हिंदीचा सराव नाही, म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. पुढे अमेय झाला, घरात आवाज आला, आणि आम्ही सगळेच हळूहळू दिल्लीकर होऊन गेलो.

निवृत्तीनंतर त्याने कादंबरी लिहायला घेतली. पुढच्या कुठल्याशा काळातलं एक शहर, जिथे शोक करायला बंदी आहे. घरात कोणी गेलं की संध्याकाळच्या आत एक पांढरी गाडी दारात येते आणि त्या माणसाचं सगळं घेऊन जाते. कपडे, चपला, चष्मा, फोटो, अगदी पांघरूणसुद्धा. त्यानंतर त्याचं नाव घेणं हा गुन्हा. हे सगळं चालवणाऱ्या माणसाला सुधाकर नुसतं 'संचालक' म्हणायचा. दर रविवारी त्याच्या गाझियाबादच्या इमारतीच्या गच्चीवर उन्हात बसून तो मला नवी पानं वाचून दाखवायचा आणि दर रविवारी आमची गाडी त्या संचालकापाशी अडायची. मी म्हणायचो, अरे, खलनायकाला काहीतरी हवं असावं लागतं. खुर्ची, पैसा, नाहीतर सूड. निदान एवढं तरी लिही की लोक रडत बसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कामावर येतील. तो ऐकून घ्यायचा आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत राहायचा.

"त्याला काहीही नकोय यार," त्या शेवटच्या रविवारी तो म्हणाला. "त्याला कोणाचं रडणं बघवत नाही, बस."

मी म्हटलं, मग तो खलनायक कसला, संतच झाला की. त्यावर सुधाकर इतक्या ठामपणे "नाही, तो खलनायकच आहे" म्हणाला की मी जरा चरकलोच. शेवटचं प्रकरण त्याला सुटत नव्हतं. त्यात एक बाई संचालकासमोर येऊन उभी राहते आणि तो तिला विचारतो, तुमचं दुःख मी उचलून नेलं, यात माझं काय चुकलं? तिचं उत्तर त्याला सापडत नव्हतं. मी त्याला माणसाचं स्वातंत्र्य, स्मृतीचा हक्क अशी तडफदार उत्तरं सुचवली. हे तू बोलतोयस, ती नाही, असं म्हणून त्याने सगळी बाद केली, आणि मी चिडून घरी आलो.

गेल्या आठवड्यात अमेयने मला गाझियाबादला बोलावलं. कादंबरी लॅपटॉपवर आहे, तिचं काय करायचं ते काका तुम्हीच ठरवा, म्हणाला. तो आईला आपल्याकडे नोएडाला नेणार होता, आणि त्याआधी बाबांचे कपडे, पुस्तकं, सगळं एका संस्थेला देऊन टाकणार होता. खोकी घेऊन दुपारी येतो, म्हणाला. आई दिवसभर तेच बघत बसते, नजरेसमोर नसलं की तिला थोडा आराम पडेल, असं त्याचं म्हणणं. गुणी मुलगा आहे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी जरा लवकरच पोचलो. वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, "भावजी, हे लिहीत काय होते हो?" मी चाटच पडलो. त्याने बायकोला एक पानसुद्धा दाखवलं नव्हतं! मग मीच गोष्ट सांगितली. शहर, पांढरी गाडी, नाव घ्यायची बंदी. संचालकाचं सांगताना जुनी तक्रारही केली, की सुधाकरने त्याला हेतूच दिला नाही, म्हणे कोणाचं रडणं बघवत नाही. वहिनींनी चहाखालचा गॅस बंद केला.

"आमची मुलगी गेली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला शुद्ध नव्हती. आईने माहेरी नेलं होतं."

मला मुलगी माहीतच नव्हती... साताऱ्याला, अमेयच्या आधी, चार वर्षांची होऊन तापाने गेली. वहिनी माहेराहून परतल्या तर घरात तिचं काही म्हणता काही नव्हतं. फ्रॉक नाहीत, दुपटं नाही, फोटो नाही. भिंतीवर तिने मारलेल्या रेघोट्यांवरून चुना फिरवलेला. सुधाकरने हे सगळं एकट्याने केलं होतं, बायकोला त्रास होऊ नये म्हणून. पाठोपाठ दिल्लीची बदली मागून घेतली. वहिनी सांगत होत्या, त्यात राग नव्हता. "माझ्यासाठीच केलं त्यांनी, रागवू कशी? पण तिचं नाव काढलं की यांचा चेहरा असा व्हायचा की मीच थांबायचे. मग थांबलेच."

मी त्यांच्यासमोर लहान मुलासारखा रडलो. माझा मित्र इतकी वर्षं स्वतःलाच समोर उभं करून जाब विचारत होता, आणि मी त्याला खुर्ची आणि पैसा सुचवत होतो. ज्या बाईचं उत्तर तो शोधत होता ती पलीकडच्या खोलीत पोळ्या लाटत होती. तिला विचारायचं धाडस त्याला झालं नाही... किती एकटा पडला असेल तो.

तेवढ्यात अमेय आला. खोकी टेकवून सरळ आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं आणि बाबांचे शर्ट हँगरसकट काढून पलंगावर टाकायला लागला. वहिनी उठून दारात उभ्या राहिल्या.

"ठेव ते."

"आई, चलो ना, उगाच तुला त्रास होतो."

"होऊ दे. माझा आहे तो."

अमेयने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. "तुला एक बहीण होती," त्या म्हणाल्या. "रेवा." आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. ती आमटीला हात लावायची नाही, तिला काळोखाची भीती नव्हती, बाबा कामावर निघाले की ती त्यांच्या शर्टाच्या खिशात चिंचोके भरून द्यायची. अमेयच्या मांडीवर बाबांचा एक निळा शर्ट तसाच राहिला होता. ऐकता ऐकता त्याने नकळत त्याच्या खिशात हात घातला. खिसा अर्थात रिकामा होता. पण हात त्याने बाहेर काढला नाही.