मायच्या गुंडाचा पोचा

प्रभाकर भाऊजींनी मला फसवलं. भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. माझं संशोधन त्यांनी स्वतःच्या नावावर छापलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला घरच्या आठवणीनं हळवा झालेला समजू नये.

मी निघालो तेव्हा बडनेरा स्टेशनवर माझी जड बॅग भाऊजींनीच डब्यात चढवली होती. माय दर्यापूरहून आली होती. ताई डोळे पुसत होती. मुंबईहून पुढे जर्मनीला जायचं होतं. गाडी हलली तसे भाऊजी खिडकीशी चालत म्हणाले, "तू बिनधास्त जाय. तुहं काम इथं मी सांभाळतो." त्यांनी सांभाळलं, यात शंका नाही.

काम काय होतं ते सांगतो. एखादी वळणदार वस्तू कम्प्युटरमध्ये उभी करायची तर तिच्यावरचे बिंदू मोजून घ्यायचे आणि त्यांच्यावर पृष्ठभाग बसवायचा, कापड ताणून बसवावं तसा. मोजण्यात चुका होतातच, म्हणून सॉफ्टवेअर सगळे खाचखळगे गुळगुळीत करून टाकतं. गोची अशी, की वस्तूला खराच पोचा असला तरी त्याला ती चूकच वाटते. चूक कोणती आणि पोचा कोणता हे ओळखून, पोचा जसाच्या तसा राखणारी रीत मी शोधली. मी भाऊजींच्याच कॉलेजात एम.टेक. करत होतो. तिथं स्कॅनर नव्हता. मायचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड, म्हणजे हंडाच, मी दर्यापूरहून घेऊन आलो, त्यावर खडूनं चौकटी आखल्या आणि ओळंबा नि पट्टी घेऊन एकेक बिंदू मोजला. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

गुंडच का? कारण त्याला पोचा होता. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याच्या नळावर रांग लागायची. एकदा एक बाई मधेच घुसली आणि वर मायलाच म्हणाली, "सरक मांगं." मायनं रिकामा गुंड नळाच्या ओट्यावर आपटला. "नंबर माहा आहे! पाह्यतो कोन भरते आता!" पुढची दहा मिनिटं नळाशिवाय कोणाचा आवाज नव्हता. गुंडाला गळ्याखाली पोचा पडला, अंगठ्यानं दाबल्यासारखा, एका बाजूची कड जरा उचललेली. बाबा मला दाखवून हसायचे, "तुह्या मायचा शिक्का आहे थो."

अमरावतीत मी जुन्या कम्प्युटरचे सुटे भाग विकून शिकलो. सौद्यात मला कोणी हरवलं नाही. समोरचा कुठवर उतरेल हे त्याच्या पापणीवरून कळायचं. पण बहिणीच्या घरात कोण सौदा करतो? प्रोग्राम, मोजमापं, अर्धा लिहिलेला पेपर, सगळं भाऊजींच्या कम्प्युटरवर ठेवून मी गाडीत बसलो.

आता मी मोटारींचे दरवाजे, बॉनेट यांचे पृष्ठभाग बसवणाऱ्या कंपनीत आहे. सकाळी ट्राम, दुपारी थंड ब्रेड. इथं मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवत नाही. पहिल्या वर्षी मी एकदा चढवला, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मला बरं वाटत नाही असं समजून पाणी आणून दिलं. तिनंच एक दिवस स्क्रीनवर एक पेपर उघडून दाखवला. हे तुमच्या भागातले प्राध्यापक दिसतात, म्हणाली. मी चित्राकडे पाहिलं. गळ्याखाली पोचा, एका बाजूची कड उचललेली. चित्राखाली लिहिलं होतं, काल्पनिक नमुना. लेखक एकटे भाऊजी.

मी तिथूनच फोन लावला. भाऊजी शांत होते. "अरे राजा, तू तिकडं साहेब झाला. तुले काय कमी आहे? मले बढती पाह्यजे होती. आली तर तुह्या बहिणीच्याच घरात आली ना?"

मी आधी म्हणालो, पेपर मागे घ्या. मग म्हणालो, माझं नाव पहिलं टाका. शेवटी एका ओळीवर आलो. जर्नलला दुरुस्ती पाठवा, की ही रीत माझी, बापूची आहे आणि हा नमुना दर्यापूरच्या घरातल्या गुंडाचा आहे. आयुष्यात एवढा खाली मी कोणत्याच सौद्यात उतरलो नव्हतो. "पुढच्या पेपरात घेतो तुले," ते म्हणाले. मागून ताईचा आवाज आला, "बापू, मले दोन्हीकून नको ओढू रे." मी फोन ठेवला.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो. गुंडाचे नीट फोटो काढायचे आणि जर्नलला पाठवायचे, हे ठरवूनच गेलो होतो. गुंड चुलीमागं नेहमीच्या जागी होता. चिंचेनं घासलेला, लखलखीत. पोचा नव्हता. मी बोट फिरवलं. गळ्याखाली सगळं सपाट.

"अकोल्याले नेऊन ठोकून आणला जावयानं," माय म्हणाली. "नवा दिसते का नाही?"

"माय, तुले माहीत होतं मी काहून आलो ते?"

ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "पोरगी त्याच्या घरात नांदून राहिली, बापू. काहून ठेवाचा थो पोचा?"

नळावर गुंड आपटणारी बाई हीच का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. जेवलो आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं निघालो.

जे माझ्यासारखे गेले त्यांना, आणि जे राहिले त्यांनाही सांगतो. घर म्हणजे आपला नंबर ओरडून मागता येतो अशी जागा, असं मी धरून चाललो होतो. आता त्या घरात सगळे हळू बोलतात, मी आलो की आणखी हळू. मायचा तो राग आता जगात एकाच ठिकाणी उरला आहे, भाऊजींच्या चित्रात, भाऊजींच्या नावाखाली.

ताई, हे तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. भाऊजी, दर्यापूरला जा, मायसमोर बसा, तो गुंड मधे ठेवा आणि तिच्या डोळ्यांत पाहून सांगा: तुमच्या चित्रातला पोचा कुठून आला?