कातळाचे वरचे दोन हात

माझी नात मयूरी पुण्याला नोकरीला असते अन् सुट्टीच्या दिवशी कमरेला दोर बांधून खडक चढते. दिवाळीत तिनं फोटो दाखवला, मी म्हणलं, मलाबी ने. घरातले हसले. पण माझं लहानपण आईबापासंगं विहिरी खोदायच्या कामावर गेलं. कपारीत बोटं घालून चढणं-उतरणं तिथलंच. लग्न झालं अन् ते बंद पडलं. पुन्हा चढायचंय का, असं पन्नास वर्षांत कुणी विचारलं न्हाई.

सोबतीला शेजारची जैनब. तिचे गुडघे गेलेत, ती खाली बसूनच बघणार होती.

शुक्रवारी सकाळी अंबडवरून पुण्याची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट. ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा बांधून घ्याच. धाब्यावरचा वडा कसा असतो ते जैनबच्या पोटाला विचारा. शनिवारी पहाटे मयूरीच्या गटाच्या गाडीत श्रीवर्धनच्या पुढं. घाट लई वळणाचा, लिंबू जवळ ठेवा. राहायला घरगुती खोली, जेवायला भात अन् मासळी. जैनबनं ताव मारला, मी आपल्या वाळल्या भाकरीवर.

समुद्रावर सगळेच लिहितेत. मला आधी कातळ दिसला. आपल्या विहिरीतलाच, काळा, फक्त बाहेर काढून उभा केलेला. लुगड्यावर दोर अडकवायचे पट्टे बसंनात, मंग मयूरीची पँट घातली. जैनब हसून हसून वाळूत बसली.

अर्ध्यापर्यंत सरसर गेले अन् अडकले. मयूरी खालून दोर धरून सांगायली, हात वर टाक. मी बघायले खाली. विहिरीत काम केलेलं माणूस वर बघत न्हाई. वरून खडे येतेत, डोळा जातो. मान उचलंचना.

जैनब ओरडली, "अगं सुमन, ये क्या कुवाँ है? वर कोण बसलंय खडे टाकायला?"

मला हसू फुटलं, हात सुटला, अन् मी दोराला पाळण्यासारखी लटकले. त्या दिवशी तेवढंच.

रविवारी माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी आली. या बारीला मान वर केली. कुठं बोट घालायचं ते सगळं दिसत होतं, वर कडा, कड्यावर वाळलेलं गवत हलत होतं. दोन हात राहिले असतील, तेवढ्यात खालून मयूरीचा आवाज.

"आज्जी, पाणी चढायलंय. उतरायला लागंल."

"दोनच हात गं."

"मला दिसायलंय. पण न्हाई, आज्जी."

भरतीचं पाणी कुणासाठी थांबत न्हाई. उतरले तर लाट तिच्या घोट्यापर्यंत आल्ती, अन् पोरीचेच डोळे भरले होते.

परतीच्या गाडीत जैनबनं विचारलं, वर काय दिसत होतं. मी म्हणलं, गवत. तिनं माझी सुजलेली बोटं मांडीवर घेऊन तेल चोळलं.

आता चार दिवस झाले. लेक विचारतो, आई, हौस फिटली का? न्हाई फिटली. भाकरी थापताना, दळण आणताना ते गवत डोळ्यापुढं हलतं. आधी नुसतंच काहीतरी राहिलंय असं वाटायचं, काय ते कळायचं न्हाई. आता बराबर ठाव आहे, कुठं राहिलंय अन् किती.

काल जैनबनं मयूरीला फोन लावून भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्या, उन्हाळ्यापर्यंतच्या.