पाळणा गेला, राई राहिली

पाळण्याची गादी झटकली आणि तिच्या घडीतून एक छोटी उशी टेबलावर पडली. तळहाताहून थोडी मोठी, तेलानं पिवळी पडलेली, आणि आकाराच्या मानानं चांगलीच जड. दाबली तर आत बारीक दाणे सरकले. मी सहारे काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"काकू, हे काय?"

"राईची उशी हाये भाऊ. लेकराले लागते."

लागते हे मलाही ठाऊक होतं. आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या घरांत तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरी भरलेली उशी ठेवतात. डोकं हलेल तसे दाणे सरकतात आणि डोकं गोल बसतं. माझंही तसंच बसवलं होतं. आत काय बसलं ते बायकोला विचारा.

छत्तीसगडातल्या भिलाईत माझा लाकडी पेट्यांचा धंदा आहे. इथल्या वर्कशॉपांमधून मशीनचे पार्ट परदेशी जातात, त्यांच्या पेट्या आम्ही बनवतो. लाकडात कीड असू शकते, तिची अंडी असू शकतात. म्हणून लाकूड हीट चेंबरमध्ये, म्हणजे एका बंद तापवलेल्या खोलीत ठेवतात. लाकडाचा गाभा छप्पन डिग्रीवर अर्धा तास राहिला की आतली कीड मरते आणि मग शिक्का बसतो. शिक्का नसेल तर समोरचं बंदर माल अडवतं. याला बायोसिक्युरिटी म्हणतात. साध्या भाषेत, तुमचे किडे, तुमचं तण, तुमची माती तुमच्याकडेच ठेवा.

पाळणा काकूंच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला. ते इथल्या स्टील प्लांटमध्ये फिटर होते. त्यांची मुलगी पल्लवी त्याच पाळण्यात वाढली. आता ती सिडनीत होती आणि तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. आई तिकडे जाणार, तर इकडे काकांना लकवा झाला. त्यांना कुणावर सोडून जायचं? मग पाळणा पाठवायचं ठरलं.

"पाळणा जाईल. उशी जाणार नाही," मी म्हटलं.

"कावून?"

"आत बिया आहेत."

"बिया कायच्या? राई हाये, फोडनीची."

"तीच मातीत पडली तर उगवेल ना?"

"भाऊ, ही राई माह्या मायनं भरली. पल्लवी हिच्यावरच झोपली. कॉलेजात गेली तरी डोकं दुखलं का हीच उशी डोयावर घेऊन पडून राहे. मले तं जाता येऊन नाही राहिलं. उशी तरी जाऊ द्या."

तिथल्या एजंटला विचारून बघतो, असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं. उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. तरी फोटो काढून मेल केला. तिकडून दोन ओळी आल्या. बिया भरलेली वस्तू सापडली तर ती नष्ट करतील, आणि तिच्यापायी पाळणाही अडकून पडेल. पाळणा महिनाभर अडकला तर बाळ त्याच्या आधी पोचणार होतं.

दुसऱ्या दिवशी काकू कागदाची पुरचुंडी घेऊन आल्या. उघडली तर सगळ्या ऑफिसात फोडणीचा वास.

"उशीतली मूठभर भाजून पाह्यली. आता पेरून पाहा तुम्ही. उगवली तं मले सांगा. सगळीच भाजून देतो म्हणा त्यायले."

"काकू, मोहरी भाजलेली आहे की कच्ची, हे तपासणारा माणूस चाखून बघत नाही."

"मंग त्यानं चाखावं!"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या चिडल्या होत्या. एवढ्याशा दाण्याला घाबरणारा तो कसला देश, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना खिडकीपाशी नेलं. बाहेर रस्त्याच्या कडेनं गाजर गवत माजलं होतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

"हे कुठून आलं, माहीत आहे? बाहेरच्या धान्यातून, असं सांगतात. कुणीतरी पोटासाठी गहू मागवला आणि त्यात याचं बी आलं."

काकू शेतकऱ्याच्या घरच्या. लग्नाआधी बांधावरचं गाजर गवत त्यांनी उपटलेलं. हाताला खाज सुटायची, रात्रभर झोप नसायची, हे त्यांनीच मला सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यायच्या वावरात असं नोको व्हाले." आणि खुर्चीत बसून राहिल्या.

शेवटी मार्ग मीच सुचवला. नुसता अभ्रा पाठवायचा. तिथल्या भारतीय दुकानात मोहरी मिळते, ती तिथले नियम पाळूनच आलेली असते. पल्लवीनं ती भरावी.

"पण अभ्रा उसवून उकळत्या पाण्यात धुवा. शिवणीत एक दाणा राहिला तरी सगळं अडकेल."

"धुवाच लागन? आतापर्यंत हिले पानी नाही लागलं. उन्हातच टाकत होतो आम्ही."

"लागेल."

त्यांनी धुतला. पुन्हा आणला तेव्हा पांढराशुभ्र होता, एक बाजू भरण्यासाठी उघडी ठेवून बाकीची शिवण नव्या दोऱ्यानं घातलेली. मी भिंग घेऊन कोपरान् कोपरा पाहिला. एका कोपऱ्यात एक दाणा चिकटलेला सापडला. चिमट्यानं काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चष्म्याच्या डबीत टाकला आणि डबी पर्समध्ये. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पाळणा तापवला, दाखला जोडला, अभ्रा यादीत लिहिला. तपासणीत कुणी बोटसुद्धा ठेवलं नाही. बाळाच्या आधी आठवडाभर सगळं पोचलं. मुलगा झाला. काकूंनी पेढे आणून दिले. म्हणाल्या, "व्हिडिओवर पाह्यलं, त्याच उशीवर झोपला."

काही दिवसांनी पल्लवीचाच फोन आला. भिलाईत वाढलेली, त्यामुळे अर्धं हिंदीतच बोलते.

"काका, एक बात पूछनी थी. आईला नका सांगू."

"बोल."

"वो कवर, आईनं नवीन शिवलं ना? जुनी उशी हरवली असेल आणि तिला ते सांगवत नसेल. मैंने कुछ पूछा नहीं."

"जुनाच अभ्रा आहे बेटा. तुझाच."

पलीकडे बाळ कुरकुरलं.

"पण काका," ती म्हणाली, "मी किती वेळा नाकाला लावून पाहिला. उसमें घर की कोई खुशबू ही नहीं है."

आमच्या धंद्यात चोख काम यालाच म्हणतात. इथलं काहीही तिथं पोचलेलं नव्हतं.